परीक्षकांनो, कागद पालथा ठेवा

काव्यवाचन स्पर्धांच्या परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य नियमपत्रकाच्या तळाशी ठरलेलं असतं. आठव्या वर्षी, स्पर्धक असताना, ते मला कुणीतरी वाचून दाखवलं होतं आणि त्याचा अर्थ ‘रडायचं नाही’ एवढाच कळला होता. पुढे बरीच वर्षं मी स्वतःच्या कविता मंचावरून बोलत राहिले आणि स्पर्धा सुटल्या, तेव्हा ते वाक्य विसरले. आता गेली काही वर्षं मी तुमच्याच रांगेत, टेबलामागे बसते, तेव्हा ते वाचलं की पोटात गोळा येतो. माझ्या अंतिम निर्णयांपैकी एक साफ चुकला होता. पत्र त्याबद्दल आहे, पण त्याआधी थोडं मागे जाऊ द्या.

मी कविता बोलते. ‘कविता करते’ असं म्हटलं की लोक संग्रहाचं नाव विचारतात, आणि माझा संग्रह नाही. एकदा काढायचा घाट घातला होता. चाळीसेक कविता टाइप करून घेतल्या आणि वाचायला बसले, तर त्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दिसत होत्या. माझेच कपडे, पण आत कुणी नाही. बाड कपाटात ठेवून दिलं. याची मला लाज वाटत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आधी तोंडात होत्या, मग घरातल्यांनी टिपून ठेवल्या. पुस्तक आलं 1952 साली, त्या गेल्यानंतर. ती कविता पुस्तक निघालं त्या दिवशी जन्मली असं कुणी म्हणणार नाही. (त्यांच्याशी बरोबरी सांगत नाही. कविता कुठे राहते एवढंच सांगते आहे.)

तर आठव्या वर्षीची स्पर्धा. बाईंनी माझ्याकडून जी तालीम करून घेतली ती कवितेची कमी आणि हातांची जास्त होती. ‘आभाळ’ आलं की उजवा हात वर. ‘पाखरू’ आलं की दोन्ही हातांची फडफड. ‘मन’ आलं की तळवा छातीवर. प्रत्यक्ष मंचावर गेले आणि हात विसरले. शब्द सगळे आठवत होते, हात मात्र फ्रॉकची शिवण घट्ट धरून बसले ते सुटेनात. पहिल्या रांगेत माझ्याच वयाचा एक मुलगा बुटाची लेस ओढत होता. तिसऱ्या कडव्यात माझा श्वास संपला. बाईंनी तिथे थांबायला सांगितलं नव्हतं, पण पुढे जायला हवाच उरली नव्हती, म्हणून थांबले. आणि त्या मुलाचा हात लेसवर तसाच राहिला. त्याने वर पाहिलं. मी श्वास घेतला, पुढची ओळ म्हटली, आणि त्याने लेस सोडून दिली.

बक्षीस मिळालं नाही. शेरा होता, ‘पाठांतर उत्तम, हावभाव नाहीत.’ पण त्या लेसवर थांबलेल्या हाताने मला जे दिलं त्यावर मी आजवर जगते आहे. मी थांबले आणि समोरचं कुणीतरी थांबलं. कवितेशी माझं नातं जडलं ते शब्दांच्या आधी या थांबण्यापाशी. प्रतिभा, प्रेरणा वगैरे मोठे शब्द मी नंतर ऐकले.

हावभावांना आपण दहा गुण का देतो? मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘पूर्वीपासून आहे’. आभाळ म्हणताना हात वर नेणारं मूल आभाळाकडे बघत नसतं, हाताकडे बघत असतं. ऐकणाराही मग हाताकडेच बघतो. मंचावर देहाचं काम नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्या अंगात कविता भिनली आहे त्याचे खांदे, मान, पायाचा अंगठासुद्धा बोलतो. पण ते शिकवून येत नाही, आणि दहापैकी मोजताही येत नाही. ज्याच्या अंगात ती निश्चल होऊन भिनते, त्या पोराचे आपण सहा गुण कापतो. असो. हातांवर माझा जुना राग आहे, तो इथेच सोडते.

कॉलेजात मी मुक्तछंद लिहायला लागले. लिहायला म्हणजे पुटपुटायला. बसमध्ये, जिन्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये माझे ओठ हलत असत आणि पर्यवेक्षकांना वाटायचं मी शेजारणीला उत्तरं सांगते. तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली. ओवीला साडेतीन चरण असतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. ही गणितं शाळेत घोकली होती. तोंडाने म्हणायला लागल्यावर जाणवलं की आखूड पडलेला तो शेवटचा चरण म्हणजे दम घ्यायला ठेवलेली जागा आहे. छंद म्हणणाऱ्याच्या फुप्फुसाची काळजी घेतो. मुक्तछंदात ती सोय नाही. तिथे दम कुठे घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि चुकलं की ओळ मध्येच धापा टाकते.

हे पुरतं कळायला मात्र आवाज जावा लागला.

एका वर्षी कार्यक्रमांवर कार्यक्रम घेतले. घसा बसला तरी गरम पाणी पिऊन दामटत राहिले. शेवटी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं: स्वरतंतूंच्या दोन्ही कडांवर, समोरासमोर, बारीक गाठी. सतत घासून हाताला घट्टे पडतात तसल्या. बोलताना बाईच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण दोनशे वेळा उघडझाप होते, आणि मी त्यांना महिनोन्‌महिने विश्रांती दिली नव्हती. शिक्षकांना आणि गायकांना हे होतंच, कवींनाही होतं हे मला ठाऊक नव्हतं. सांगण्यात आलं, काही आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानेही ताण पडतो. खिशात वही ठेवायला लागले. फोन वाजला की घरातलं कुणीतरी उचलायचं.

त्या आठवड्यांत मी भरपूर लिहिलं. आधी कधी लिहिलं नव्हतं इतकं. वाटलं, बरंच झालं, आता खरी कवयित्री झाले. लांबच लांब वाक्यं, एकात एक गुंतलेली, विशेषणांवर विशेषणं. आवाज परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यातली एक कविता मोठ्याने म्हणायला घेतली. दुसऱ्या ओळीला दम संपला. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच. घशाचा दोष असेल म्हणून चार दिवस थांबले. घसा ठणठणीत होता. दोष ओळीत होता. श्वासाचा धाक नव्हता म्हणून त्या ओळी सुटल्या होत्या, गावभर भटकत होत्या. मग कात्री घेतली. जिथे दम लागला तिथे तोडलं, आणि प्रत्येक वेळी दिसलं की तोडलेला तुकडा नको तोच होता. त्या सगळ्या भरीतून चार कविता उरल्या. इतका निष्ठुर संपादक मला दुसरा भेटलेला नाही, आणि तो फुकटात छातीत बसलेला असतो.

आता पाठांतर. परीक्षकहो, इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

तक्त्यात ‘पाठांतर’ हा रकाना सगळ्यांत सोपा. बाकी गुणांवर वाद होऊ शकतो, इथे होत नाही. छापील कविता समोर असते, बोट ओळीवरून फिरतं, शब्द चुकला की गुण वजा. मोजता येतं म्हणून आपल्याला ते आवडतं. पण मोजतो काय?

इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर जपलेला आहे, 1889 सालचा. त्याच वर्षी तो गेला. एडिसनचं ध्वनियंत्र तेव्हा नवलाईचं होतं, पाहुण्यांच्या बैठकीत ते ठेवलं होतं आणि ब्राउनिंगला कविता म्हणायचा आग्रह झाला. त्याने स्वतःचीच एक गाजलेली कविता धडाक्यात सुरू केली, काही ओळी म्हटल्या, अडखळला, पुन्हा प्रयत्न केला आणि सरळ माफी मागितली, की मला माझ्याच ओळी आठवत नाहीत. खरखर इतकी आहे की शब्द निवडून काढावे लागतात, पण ती ओशाळलेली हसरी कबुली स्पष्ट ऐकू येते. त्याला दहापैकी दोन द्याल की तीन?

याहून मोठी गंमत पुढे झाली. 1933 ते 1935 या काळात मिलमन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक दोनदा तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेला. दुसऱ्या खेपेला आल्बर्ट लॉर्ड हा त्याचा विद्यार्थी मदतीला होता. तिथले गायक एकतारी वाद्यावर वीरांच्या लांबलचक कथा गात. प्राचीन ग्रीक कवी होमरची महाकाव्यं अशीच तोंडी रचली गेली असतील का, हे पॅरीला शोधायचं होतं. त्याने ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांचं गाणं टिपलं. गायक छातीठोकपणे सांगत, की मी हे गीत दर वेळी शब्दन्‌शब्द तसंच गातो. तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन खेपांना ओळी वेगळ्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे छापील शब्द नव्हेच, ते अख्ख्या प्रसंगालाही शब्दच समजत. त्यांतला सर्वांत मोठा गायक अव्दो मेजेदोविच. धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. त्याने बारा हजारांवर ओळींची एक कथा सांगितली. एकदा त्याच्यासमोर दुसऱ्याने त्याला नवं असलेलं, दोन हजारांहून थोडं जास्त ओळींचं गीत गायलं. ते संपताच अव्दोने तेच गीत स्वतः गायलं, सहा हजारांवर ओळींचं करून. कथा तीच. पण पात्रांच्या मनात काय चाललं आहे, घोड्याचा साज कसा होता, हे सगळं त्याने भरलं. आपल्या तक्त्यात त्याच्या चार हजार चुका भरल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर अक्षरही हलू न देणारं पाठांतर होतं. होतंच, आणि आहे. वेद पाठ करायच्या घनपाठ या पद्धतीत दोन शब्द आधी सरळ म्हणायचे, मग उलट, मग तिसरा जोडून तिन्ही सरळ, तिन्ही उलट, पुन्हा तिन्ही सरळ. असं संहितेभर. एक स्वर घसरला तरी पकडला जावा म्हणून ही तटबंदी. युनेस्कोने 2003 साली वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, ते उगीच नाही. पण तिथे काम जपण्याचं आहे. तिथे शब्द बदलला तर सगळंच गेलं. माझ्यासारखीचं काम त्या क्षणी समोर बसलेल्या माणसाशी बोलण्याचं आहे. ही स्मरणाची दोन वेगळी कुळं आहेत आणि आपण दोघांना एकाच तराजूत घालतो.

आता ती चूक.

आंतरशालेय स्पर्धा होती. परीक्षक तिघे, मी मधल्या खुर्चीत. समोर स्पर्धकांच्या कवितांच्या छापील प्रती, स्टेपल केलेल्या, क्रमांकानुसार. सतराव्या की अठराव्या क्रमांकाला एक मुलगी आली. नववीतली असावी. वेणी पुढे घेतलेली, हात मागे. आवाज लहान, पण कडेपर्यंत जाणारा. मी बोट ठेवून वाचत होते. चौथ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर ती थांबली. माझ्या बोटाखाली पुढची ओळ होती, तिला ती सापडत नव्हती. सभागृहात कुणी खोकलंही नाही. मग तिने काहीतरी म्हटलं. वृत्तात बसलेलं, यमक सांभाळलेलं, छापलेल्या ओळीशी शब्दाचंही नातं नसलेलं. आणि ती पुढे गेली, पुढचं कडवं बिनचूक म्हणून खाली उतरली. टाळ्या जरा उशिरा आल्या आणि जरा जास्त वेळ टिकल्या.

मी ‘पाठांतर’च्या रकान्यात सहा लिहिले. चार कापले. खाली रेघ मारली आणि कडेला टीप लिहिली, ‘मूळ शब्द बदलला’.

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही शेजारच्या परीक्षकांमुळे. ते रिक्षात सहज म्हणाले, “त्या वेणीवाल्या मुलीने घातलेली ओळ काय सुरेख होती हो!” मी विचारलं, कोणती. ते म्हणाले, “तुम्ही ऐकली नाहीत?” त्यांनाही ती जशीच्या तशी सांगता येईना, पण ऐकल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर होती. मी खरोखर ऐकली नव्हती. तेवढ्या वेळात मी छापलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, ती चुकते आहे याची खात्री करून घेत होते. एका मुलीने भर सभागृहात, भीतीने घसा कोरडा पडलेला असताना, वृत्तात ओळ रचली. जे मी आयुष्यभर करायचा प्रयत्न करते आहे ते माझ्यापासून दहा फुटांवर घडलं, आणि मी वाचत बसले होते. ती ओळ आता कुणाकडेच नाही. माझ्याकडे आहे तो सहाचा आकडा, निळ्या शाईतला.

तिला कुठलंही बक्षीस मिळालं नाही. ते चार गुण असते तर मिळालं असतं, हे मी नंतर बेरीज करून पाहिलं. पाहायला नको होतं.

स्पर्धाच बंद करा असं मी म्हणणार नाही. कवितेच्या स्पर्धा फार जुन्या आहेत. अथेन्सच्या उत्सवात होमर म्हणणारे पेशेवर वाचक बक्षिसांसाठी एकमेकांना भिडत. तिथला एक नियम सांगतात तो मला फार आवडतो: एकाने जिथे सोडलं तिथून पुढच्याने उचलायचं. म्हणजे आधीच्याचं ऐकावंच लागणार. आणि हल्ली मुलं मोबाइलवर बघतात ती स्लॅम, तीही स्पर्धाच. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने शिकागोत ती रुजवली. 1986 पासून ग्रीन मिल या क्लबात दर आठवड्याला तिचा फड जमू लागला. कविता स्वतःची हवी, वेळ तीन मिनिटं, हातात वस्तू नको, वेशभूषा नको, वाद्य नको. परीक्षक मात्र ऐकायला आलेल्या लोकांतूनच उचललेले पाच जण, कवितेतलं काही कळतं असा दावा नसलेले. शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची बेरीज. गुण पटले नाहीत तर प्रेक्षक परीक्षकांची हुर्यो उडवतात. गुण देणं हा निम्मा थट्टेचा मामला आहे हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. आणि परीक्षकांसमोर कवितेची प्रत नसते. त्यांना ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

स्लॅमनेही तिचे रोग आणलेत, ते झाकत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वर न्यायचा, मग अचानक कुजबुज, मग एकच शब्द तीनदा. महिनाभरात दहा मुलांच्या तोंडी मी तोच सूर ऐकला, विषय बेकारीचा असो की आईचा. आपली पिढी हातांची फडफड करायची, ही पिढी कुजबुजीची करते. ते सूर त्यांना कुणी शिकवले? ज्याला गुण मिळताना दिसले ते त्यांनी उचललं. गुण आपणच दिले होते.

म्हणून मागणं एवढंच आहे. कवितांच्या प्रती परीक्षकांना देऊ नयेत असं संयोजकांना कळवा. दिल्याच तर पालथ्या ठेवा. पाठांतराचा रकाना कुणाला फारच प्रिय असेल तर तो एका स्वयंसेवकाकडे द्या, त्याला बोट फिरवू दे. आपण ऐकू. मूल थांबलं तर घड्याळाकडे बघू नका, त्याच्याकडे बघा, पण ‘आठव, आठव’ असं हसून खुणावू नका, त्याने उलट विसरायला होतं. मला आठव्या वर्षी कुणी खुणावलं असतं तर तो लेसवाला मुलगा मला दिसलाच नसता. आणि निकालाआधीचं ते ‘परीक्षकांचं मनोगत’ पाच मिनिटांत आवरा. मी स्वतः एकदा पंचवीस मिनिटं बोलले आहे. विषय होता, कवितेत मौनाचं महत्त्व.

पुढच्या महिन्यात एका स्पर्धेला मला बोलावलं आहे. संयोजकांनी सगळ्या कविता एका फाईलमध्ये घालून मोबाइलवर पाठवल्या आहेत, सोबत ‘कृपया वाचून यावे’. मी ती उघडलेली नाही. तुमच्यापैकी कुणी शेजारच्या खुर्चीत असाल आणि तुम्ही ती वाचून आला असाल, तर हरकत नाही. फक्त ओळ चुकली म्हणून मला कोपराने ढोसू नका. मी ऐकत असेन.

आपली,
तुमच्याच टेबलामागची एक परीक्षक